उतरत्या छपराखालचं न्हाणीघर : मापं आणि मांडणी

उंची. कौलारू घराचा माळा राहता करताना सगळी मांडणी छपराच्या उतारावर ठरते. उतार ४५ अंशांचा असेल, तर वळचणीपासून फूटभर आत आल्यावर उंची एक फुटानं वाढते. ३० अंशांत जेमतेम ७ इंचांनी. बाजूची भिंत ३ फुटी धरली, तर साडेसहा फूट उंची मिळायला पहिल्या छपरात साडेतीन फूट आत यावं लागतं, दुसऱ्यात सुमारे ६ फूट. माप तक्तपोशीच्या खालून घ्यायचं, कौलांपासून नव्हे.

• शॉवर : आढ्याखाली. मोकळी उंची ७ फूट.

• कमोड : फ्लशची टाकी उताराखाली चालते; उठून उभं राहायची जागा मात्र पूर्ण उंचीची हवी. मध्यरेषेपासून दोन्हीकडे किमान १५ इंच, पुढे सुमारे २ फूट.

• बेसिन : छपराच्या टोकाच्या उभ्या भिंतीवर, म्हणजे आरसा सरळ बसतो.

• वळचण : बुटकी कपाटं, बादल्या.

पाणी. टाकी १० मीटर उंच असेल तर नळाला सुमारे १ बार दाब मिळतो. माळ्यावर टाकी शॉवरच्या जेमतेम मीटरभर वर येते, म्हणजे ०.१ बार. अशा ठिकाणी प्रेशर पंप लागतो.

सांडपाणी. ४ इंची मलवाहिनीला साधारण ४० फुटांत १ फूट उतार देतात. खालच्या न्हाणीघराच्या बरोबर वर जागा निवडली, तर आडवा पाइप सर्वांत कमी लागतो.

वजन. १५० लिटर पाणी भरलेल्या टबात नुसत्या पाण्याचंच वजन १५० किलो. लाकडी तुळया आधी अभियंत्याकडून तपासून घ्याव्यात.