खजिन्याची चावी आणि सैल हात : मरहूम सर अकबर हैदरी

हिशेब चोख पण हात आखडता, अशी माणसे बाजारात पुष्कळ भेटतात. हात सैल पण वही कोरी, अशीही कमी नाहीत. दोन्ही गुण एकाच माणसात असणे अवघड. मराठवाडा निजामी राज्यात होता तेव्हा त्या राज्याच्या खजिन्यावर असा एक माणूस बसला होता. सर अकबर हैदरी, निजामी किताबाने नवाब हैदर नवाज जंग.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८६९ रोजी व्यापारी सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून १८८८ साली ते इंग्रज सरकारच्या वित्त खात्यात लागले. १९०५ मध्ये अकाउंटंट जनरल म्हणून हैदराबादला आले, १९०७ मध्ये वित्त सचिव झाले, १९२१ पासून वित्त खाते त्यांच्या हाती आले. १९३७ ते १९४१ ते राज्याचे पंतप्रधान होते. जानेवारी १९४२ मध्ये दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला.

त्यांची एक योजना व्यापारी वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. सरकारी खात्याला वर्षाची रक्कम मिळते आणि उरली तर परत जाते. म्हणून वर्षअखेरीस वाटेल तसा खर्च उरकला जातो. हा प्रकार आजही कोणाला नवा नाही! हैदरींनी खात्यांशी तीन-तीन वर्षांचा करार केला. ठरलेली रक्कम घ्या, त्यात काम चालवा, शिल्लक राहिली तर ती तुमच्याच खात्यात पुढे ओढा. वाचवणाऱ्याचा तोटा होणार नाही, एवढी साधी ही गोष्ट. राज्याची पत अशी वाढली की १९३० साली निजामाची रेल्वे इंग्रज कंपनीकडून विकत घेता आली. मनमाडहून औरंगाबादमार्गे सिकंदराबादला जाणारा आपला मार्ग त्यातलाच. दोन वर्षांनी, १९३२ मध्ये, त्याच रेल्वेने २७ गाड्यांनिशी बससेवाही सुरू केली.

घरी बेगम अमिना हैदरी होत्या, मुंबईच्या तय्यबजी कुटुंबातल्या. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त केले तेव्हा त्या काळच्या खानदानी बाईने घराबाहेर पडून मदतकार्य केले आणि त्यासाठी त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. मुलींच्या शिक्षणासाठीही त्या झटल्या. मुलगा मुहम्मद सालेह अकबर हैदरी आय.सी.एस. होऊन आसामचा गव्हर्नर झाला. १९४७ चा नागा करार या मुलाचा. नाव सारखे असल्याने लोक तो बापाच्या खात्यावर मांडतात.

आता अजिंठ्याकडे या. १९१४ साली हैदराबादेत पुरातत्त्व खाते निघाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. त्यामागे हैदरींचा आग्रह होता. १९२० ते १९२२ या काळात इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी हे कारागीर आणून लेण्यांतील सुटत चाललेली चित्रे भिंतीला पक्की केली गेली. पुढे यझदानींचे चित्रांसह चार मोठे खंड निघाले. बौद्ध लेण्यांसाठी मुसलमान राज्याचा खजिना उघडला, तसाच तो पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारतासाठीही उघडला. तेथील निजाम अतिथीगृह त्याच मदतीचे.

मात्र हा पैसा हैदरींच्या खिशातला नव्हता, रयतेचा होता, आणि ती रयत बहुतेक मराठी, तेलुगू व कन्नड बोलणारी. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हैदरींच्याच निवेदनातून उभे राहिले. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग, पण ती भाषा उर्दू ठरली. १९२३ मध्ये औरंगाबादलाही इंटरमीजिएट कॉलेज निघाले, आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचा संप पेटला तो याच कॉलेजातून. हैदरी तेव्हा पंतप्रधान होते. संप हैदराबादपर्यंत पोहोचला, शेकडो मुलांची नावे पटावरून कमी झाली आणि अनेकांनी नागपूर गाठले. त्यांतच पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते.

इटालियन कारागिरांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचे पाणी दिले होते. पापुद्रे टिकले, पण लाख कालांतराने पिवळी पडली. ती अलगद उतरवण्याचे काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे कित्येक वर्षे करावे लागले.