मुक्कामी गाडी आणि भारमानाचे गणित

दलित चळवळीने पाणवठ्याचा, देवळाचा, गायरानाचा, शिष्यवृत्तीचा प्रश्न हाती घेतला. एस.टी.च्या वेळापत्रकाचा प्रश्न मात्र तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच आला. एखादी फेरी बंद झाली तर सरपंचाने आगार व्यवस्थापकाला अर्ज द्यावा, चार सह्या घ्याव्यात, एवढ्यावर विषय संपतो. अलीकडे 'फेऱ्यांची पुनर्रचना', 'तोट्यातील मार्गांचा आढावा' असे शब्द वारंवार कानावर पडतात. या शब्दांच्या आड नेमके काय ठरते, कोणत्या आकड्यावर ठरते, आणि आपल्या वस्तीतल्या पोराबाळांशी त्याचा काय संबंध आहे, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न करीत आहे.

आपल्या देशात प्रवास ही जातीबाहेरची गोष्ट कधीच नव्हती. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली आंबेडकर भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. मुले महारांची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले; बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशी अट पडली. पुढे १९२९ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून दौऱ्यावर असलेले बॅरिस्टर आंबेडकर चाळीसगावला उतरले, तेव्हाही टांगेवाले त्यांना न्यायला तयार झाले नाहीत. लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकणारा आपल्यातलाच, सवय नसलेला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. पदवी, पद, सरकारी काम, यांतले काहीही त्या दिवशी उपयोगी पडले नाही. वाहन ज्याच्या मालकीचे, त्याचा धर्म त्या वाहनाला लागू होता.

१ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्या दरम्यान एस.टी.ची पहिली गाडी धावली, तिचे मोल या इतिहासाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. तिकडे निजामाच्या राज्यात रेल्वेच्या खात्याने १९३२ मध्येच २७ गाड्यांवर बससेवा सुरू केली होती. राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा आणि विदर्भातील सरकारी वाहतूक मुंबईच्या एस.टी.त मिळाली व १९६१ मध्ये आजचे महामंडळ उभे राहिले. मालक सरकार आणि तिकिटावर जात छापलेली नाही, ही गोष्ट गावगाड्याला नवीन होती. एस.टी.त जात चढत नाही असे मला म्हणायचे नाही. शेजारी कोण टेकला हे पाहून अंग चोरून बसणारे आजही दिसतात. थांबा बहुधा गावच्या पारापाशी असतो आणि वस्ती दुसऱ्या टोकाला. पण कंडक्टरने पैसे घेतले की बाकावरचा हक्क कोणी काढून घेत नाही. गावात असे किती हक्क आपल्या वाट्याला आहेत?

आता पुनर्रचनेकडे येऊ. आगारातील एक गाडी आणि तिच्यावरचे चालक-वाहक यांच्या दिवसभराच्या कामाला 'नियत' म्हणतात. एका नियतात अनेक फेऱ्या गुंफलेल्या असतात. सकाळी खेड्यात जाणारी गाडी दुपारी जिल्ह्याला जाते, संध्याकाळी पुन्हा खेड्यात. म्हणून एक फेरी काढली की दुसऱ्या चारांच्या वेळा हलतात. कोणती फेरी ठेवायची हे ठरवताना दोन आकडे पाहिले जातात: दर किलोमीटरला मिळणारे उत्पन्न, आणि भारमान. भारमान म्हणजे गाडीच्या एकूण आसनक्षमतेपैकी किती क्षमता प्रत्यक्ष वापरली गेली त्याचे शेकडा प्रमाण. ऐकायला हे अगदी निःपक्षपाती वाटते. प्रत्यक्षात काय होते ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण ज्याने खेड्यातून प्रवास केला आहे त्याला ते ओळखीचे वाटेल.

तालुक्यापासून २४ किलोमीटरवर, म्हणजे सहा किलोमीटरचा एक याप्रमाणे चार टप्प्यांवर, एक गाव आहे असे धरू. गाडी ४४ आसनांची. ती सकाळी तालुक्याहून सुटते तेव्हा आत सहा माणसे. पहाटे तालुक्याहून खेड्यात कोण कशाला जाईल? परत येताना शेवटच्या गावी १४ जण चढतात, पुढच्या टप्प्यावर आणखी १४, त्याच्या पुढच्या टप्प्यावर १६. गाडी भरली. तालुका सहा किलोमीटर राहिला असताना आणखी वीस जण दांडीला धरून उभे राहतात. स्थानकात गाडीतून ६४ माणसे उतरतात. दाराशी लोंबकळणारी पोरे पाहून कोणीही म्हणेल, या मार्गावर दुसरी गाडी हवी.

आता हिशेब करा. जाता-येता मिळून ४८ किलोमीटर, गुणिले ४४ आसने, म्हणजे २११२ आसन-किलोमीटर. जाताना सहा माणसांचे १४४. येताना १४ जणांचे २४ प्रमाणे ३३६, दुसऱ्या १४ जणांचे १८ प्रमाणे २५२, सोळांचे १२ प्रमाणे १९२, उभ्या विसांचे ६ प्रमाणे १२०, एकूण ९००. दोन्ही मिळून १०४४. भारमान निघते ४९. पाय ठेवायला जागा नसलेली गाडी कागदावर अर्धी रिकामी ठरते.

हेच गणित उत्पन्नावर केले तर आणखी खाली जाते. त्या ६४ जणांत निम्मे विद्यार्थी असतील. मासिक पासात विद्यार्थ्यांना भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे. पास दाखवून बसलेली मुलगी त्या फेरीच्या रोख रकमेत कोठेच दिसत नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट मिळाले, हे चांगलेच झाले. या सवलतींची भरपाई शासनाने महामंडळाला द्यायची असते. पण फेरी राहणार की जाणार याची चर्चा वाहकाच्या पिशवीतल्या रकमेवरून होऊ लागली, तर सवलत ज्यांच्यासाठी दिली त्यांचीच गाडी आधी तोट्यात निघेल.

या गणिताला आणखी एक आंधळी बाजू आहे. गाडीत जो चढला तोच मोजला जातो. गाडी न थांबता पुढे गेली म्हणून फाट्यावर राहिलेला, दोनदा गाडी आली नाही म्हणून तिसऱ्या दिवशी कॉलेज सोडून वीटभट्टीवर गेलेला, शेवटची गाडी पाचला असल्यामुळे दुपारचा प्रात्यक्षिकाचा तास बुडवणारी मुलगी, यांची नोंद कोणत्याही मशीनमध्ये होत नाही. फेरी अनियमित झाली की प्रवासी कमी होतात, आणि प्रवासी कमी म्हणून फेरी बंद होते.

आता त्याच गावाला तीच गाडी मुक्कामी आहे असे धरा. संध्याकाळी तालुक्याहून भरून गेली, रात्री गावात थांबली, सकाळी भरून आली. पहाटेची ती रिकामी २४ किलोमीटर राहिलीच नाहीत. सकाळच्या फेरीचे गणित आता १०५६ आसन-किलोमीटरांपैकी ९००, म्हणजे भारमान ८५. गाव तेच, माणसे तीच, रस्ता तोच. मुक्काम काढून घेतला आणि गाडी सकाळी तालुक्याहून पाठवू लागले, तर ८५ चे ४९ होतात. मग कोणी तरी कागद पुढे करून म्हणतो, या मार्गाला प्रवासी नाहीत. मला वाटते, पुनर्रचनेच्या साऱ्या चर्चेत आपण ध्यानात ठेवावी अशी ही सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे. कमी भारमान हा पुष्कळदा गावाचा गुण नसून नियत कसे बांधले त्याचा परिणाम असतो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. सकाळच्या मुक्कामी गाडीने जाऊन अकरावी ते बी.ए. झालो. ती गाडी नसती तर आई-बापाने मला तालुक्याला खोली करून दिली असती, असे म्हणणे म्हणजे त्यांची थट्टा होईल. आज मी ज्या वर्गाला शिकवतो तिथे पहिल्या तासाला कोण येते आणि कोण येत नाही, हे हजेरीपटाआधी एस.टी.च्या वेळेवरून सांगता येते. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे ती मुले येतात. उरलेल्यांची नावे वाचली तर त्यांच्या वस्त्या कोणत्या, हे वेगळे सांगावे लागत नाही.

एस.टी. गेली तर काय, जीप आहे ना, असे म्हणणारे आपल्यातही भेटतात. जीप, काळी-पिवळी, टमटम यांना मी नावे ठेवत नाही. वेळेला त्याच धावतात. पण त्या भरल्याशिवाय सुटत नाहीत, त्यांत पास चालत नाही, आणि रात्री बाळंतिणीला नेताना भाडे मालक म्हणेल ते. आणि मालक गावातलाच असतो. गावाने बहिष्कार टाकला की किराणा, दळण, मजुरी यांच्याबरोबर जीपही बंद होते. अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहन नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण 'गाडी भरली' एवढेच म्हणणाऱ्यावर तो शाबीत कसा करणार? चाळीसगावचा टांगेवाला निदान स्पष्ट तरी बोलला होता.

महामंडळाची अडचण खोटी नाही. २०२० मध्ये कोरोनाने गाड्या उभ्या केल्या. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. ज्या वाहक-चालकांच्या पगारावर आपल्या वस्त्यांतलीही अनेक घरे उभी आहेत, त्यांची त्यातील होरपळ आपण विसरू नये. कोरोनापूर्वी सुमारे १८ हजार असलेल्या गाड्या पुढच्या वर्षांत १५ हजारांच्या आसपास उतरल्या. गाड्या कमी असल्या की लांब पल्ल्याला आधी मिळतात, कारण तिथे किलोमीटरमागे पैसे जास्त. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात दोन कलमे आहेत. कलम १८ सांगते की पुरेशी, कार्यक्षम, काटकसरीची आणि सुसूत्र सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. कलम २२ सांगते की कारभार धंद्याच्या तत्त्वांवर चालावा. कार्यालयात बाविसावे कलम सर्वांना पाठ असते. अठरावे आठवण करून द्यावे लागते, आणि ती आठवण कार्यकर्त्यानेच करून द्यायची आहे.

नुसती 'फेरी सुरू करा' अशी मागणी घेऊन गेलो तर भारमानाचा कागद पुढे येतो. त्याला उत्तर दुसऱ्या कागदाने द्यावे. माहितीच्या अधिकारात फेरीनिहाय उत्पन्न आणि भारमान मागता येते. जाण्याचे आणि येण्याचे आकडे वेगवेगळे मागावेत. मग एक आठवडा विद्यार्थ्यांनी फाट्या-फाट्यावर उभे राहून मोजावे: किती चढले, किती राहिले, किती जीपने गेले. घरोघर विचारावे की कोणाला कोठे किती वाजता पोचायचे आहे. कॉलेज, आठवडी बाजार, ग्रामीण रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग, यांच्या वेळा एका तक्त्यात मांडाव्यात. पुष्कळ ठिकाणी नवी गाडी लागणारच नाही. आहे ती अर्धा तास पुढे-मागे केली तरी काम होईल. प्राध्यापक बंधूंना विनंती अशी की आपल्या कॉलेजचा पहिला तास पंधरा मिनिटे उशिरा घेण्याचा ठराव करायला कोणत्याही महामंडळाची परवानगी लागत नाही. हा तक्ता आणि ग्रामसभेचा ठराव जोडून विभाग नियंत्रकांकडे जावे. ठरावात बौद्ध वस्ती, मातंग वस्ती यांचा नावानिशी उल्लेख असावा आणि विनंती थांबा वस्तीजवळ मागावा. 'ग्रामस्थांच्या सोयीसाठी' या शब्दांत आपण बहुधा नसतो.

राहिला मुक्कामाचा प्रश्न. मुक्कामी गाडी मागितली की आगारातून पहिला प्रश्न येतो: चालक-वाहक झोपणार कोठे? प्रश्न रास्त आहे. बहुतेक गावांत ते गाडीतच बाकावर झोपतात, पहाटे पाण्यासाठी हातपंप शोधतात, आणि शौचालय नसते. वाहक बाई असली तर काय करायचे, याचा तर कोणी विचारच केलेला नसतो. एक कुलपाची खोली, दोन खाटा, पाण्याचा माठ, दिवा आणि शौचालय, एवढे ग्रामपंचायतीने दिले तर हा आक्षेप उरत नाही. ग्रामपंचायत टाळाटाळ करील तिथे आपल्या वस्तीतल्या समाजमंदिराची एक खोली देता येईल. मग गाडीही रात्री तिथेच उभी राहील आणि सकाळी वस्तीवरूनच सुटेल.