हाड जुळतंय का, वीज सांगते

मैत्रिणींनो, पाय मोडला की आम्हाला पहिला प्रश्न येतो: शेतात कधी जाता येईल? डॉक्टर एक्स-रे काढतात, म्हणजे आपण 'फोटो' म्हणतो तो. पण पहिले काही आठवडे तिथलं नवं हाड कच्चं असतं, त्यात कॅल्शियम कमी, म्हणून फोटोत ते नीट दिसत नाही.

वीज मात्र आधी खबर देते. हाड मोडतं तिथं प्रथम रक्त साकळतं. रक्त खारट आणि पातळ, त्यातून वीज सहज जाते. मग तिथं कूर्चा धरते, नाकाच्या शेंड्यासारखी लवचीक, आणि शेवटी पक्कं हाड. पक्क्या हाडातून वीज कष्टानं जाते. अडथळा वाढत गेला, तर हाड जुळतंय. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांच्या मोडलेल्या हाडाजवळ विजेची बारीक टोकं बसवून हेच मोजलं.

आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात हे अजून आलेलं नाही. त्यामुळे विजेचा पट्टा लावून हाड तपासतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. दुखणं थांबलं म्हणून प्लास्टर घरी कापू नका. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला पुन्हा फोटो काढायला जायचंच, कापूस वेचणी ऐन भरात असली तरी.