सयामी शेतकऱ्याचे खांबावरील घर : त्याची पडतळ आणि त्याची मोड

घर बांधावयाचे म्हटले म्हणजे जो तो पहिला प्रश्न करतो तो असा की, "चौरस फुटाला काय पडेल?" प्रश्न रास्त आहे, परंतु व्यापारी मनुष्याचे एवढ्याने समाधान होता कामा नये. पोत्याची पडतळ काढताना आपण केवळ खरेदीचा भाव धरीत नाही. हमाली, वाहतूक, तूट, गुदामभाडे आणि अखेर शिल्लक राहणारा माल ही सर्व कलमे आपण वहीत मांडतो. घराचाही हिशेब असाच मांडला पाहिजे. या दृष्टीने थायलंडच्या, म्हणजे पूर्वीच्या सयामच्या, मध्य प्रदेशातील शेतकऱ्याचे उंच खांबांवरील सागवानी घर फार बोधप्रद आहे.

चाओ फ्राया नदीचे हे खोरे सपाट असून भातासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या अखेरीस नदी काठ सोडते व शेते पाण्याखाली जातात. म्हणून तेथील लोकांनी घराला जोते न बांधता पुरुषभर उंच खांब दिले. खालच्या मोकळ्या जागेत नांगर, होडी, माग व गुरे. वर माणसांचा राहता भाग. धान्याचे कोठारही खांबांवरच. यातील मर्म आमच्या धान्यव्यवसायातील बंधूंना निराळे सांगावयास नको. फरशीवर लावलेल्या थप्पीचा खालचा थर ओल धरतो, म्हणून आपण पोत्यांखाली लाकडी फळ्या घालून वारा खेळता ठेवतो. सयामी शेतकऱ्याने तेच अखंड घराला केले. राहत्या खोल्या, ओसरी व उघडे अंगण यांच्या तक्तपोशीत पायरी-पायरीचे अंतर असते. त्या फटींतून खालचा गार वारा वर येतो.

या घराची मोजणी आपल्या वाड्याप्रमाणेच खणांनी होते. तीन खणी घर हा सर्वसाधारण नमुना. मापेही आपल्या जुन्या मापांची आठवण करून देणारी आहेत : 'खुप' म्हणजे वीत, 'सोक' म्हणजे हात आणि चार सोकांचा एक 'वा'. पहिला खांब मुहूर्ताने व विधिपूर्वक उभा करतात. आपल्या मुहूर्तमेढीचाच हा भाऊ म्हणावयाचा.

आता खर्चाकडे वळू. लाकडाचा भाव हंगामागणिक बदलतो, मापे मात्र बदलत नाहीत. यास्तव आम्ही हिशेब घनफुटांत मांडीत आहो. नमुन्यादाखल तीस फूट लांब व बारा फूट रुंद असे तीन खणी घर घ्या. पुढे सात फुटी ओसरी व त्यापुढे बारा फुटी उघडे अंगण. तीन खणांना खांबांच्या चार जोड्या म्हणजे आठ मुख्य खांब लागतात. नऊ इंच व्यासाचा व अठरा फूट लांबीचा खांब धरला तर एका खांबात सुमारे आठ घनफूट लाकूड, म्हणजे आठांत ६४. ओसरीचे व अंगणाचे आठ आखूड खांब मिळून सुमारे ४०. तिन्ही भागांची तक्तपोशी ९३० चौरस फूट. दीड इंच जाडीने ११६ घनफूट. भिंती व मधला एक आडपडदा मिळून ८६४ चौरस फूट; चौकटीसह सरासरी एक इंच जाडी धरून ७२ घनफूट. तुळया, वासे व छपराच्या त्रिकोणी भिंती मिळून अदमासे ११० धरू. एकूण झाले सुमारे ४०० घनफूट.

परंतु ही झाली तयार मालाची बेरीज. गोल ओंडका चिरला की साल, भुसा व बाजूच्या कडा जाऊन साधारण निम्माच माल हाती येतो. खांब गोलच वापरावयाचे म्हणून ते वगळले, तरी बाकीच्या ३०० घनफुटांसाठी ६०० घनफूट ओंडके पाहिजेत. सारांश, एका शेतकऱ्याच्या साध्या घरामागे जंगलातून सुमारे ७०० घनफूट लाकूड निघते. ही तूट जो धरीत नाही, त्याचे अंदाजपत्रक पहिल्याच महिन्यात कोलमडते.

दुसरे कलम कारागिरीचे. या घराच्या भिंती जागेवर बांधीत नाहीत. लहान लहान तावदाने जोडून केलेले भिंतींचे अखंड फलक सुतार आधी जमिनीवर तयार करतो. त्यांना 'फा पाकोन' म्हणतात. जोडकामात खाच, जीभ व लाकडी खुंटी यांवर भर असतो. यास कुशल हात व वेळ पुष्कळ लागतो. पण एकदा फलक तयार झाले की खांब उभारून घर जोडणे अल्पावधीचे काम होते.

त्या जोडणीसाठी तिसरे कलम येते, जे कोणत्याही वहीत सापडत नाही. खांब उभे करावयाला सारा गाव येतो. या प्रथेला तिकडे 'लोंग खेक' म्हणतात. आपल्याकडील इर्जिक किंवा सावड तीच. मजुरी नाही, यजमानाने सर्वांना जेवू घालावयाचे आणि पुढे त्यांच्या कामाला स्वतः जावयाचे. नव्या जोडप्याचे घर परंपरेने वरपक्षाने उभारावयाचे, तेही बहुधा वधूच्या माहेरच्या आवारात. तेव्हा रोख पैसा थोडा, पण नातलगांचे व शेजाऱ्यांचे देणे मोठे, अशी त्या घराची खरी पडतळ होती.

चौथे कलम देखभालीचे. गवताचे किंवा झावळ्यांचे छप्पर दर काही वर्षांनी बदलावे लागते, आणि जमिनीत गेलेला खांबाचा पाय सर्वांआधी कुजतो. याउलट जमेच्या बाजूस एक मोठी रक्कम आहे : घर उतरवता येते. खुंट्या काढल्या, फलक सोडविले, की सारे घर नावेत घालून दुसऱ्या गावी नेता येते. विटांचे घर मोडले तर हाती राबीट येते. हे घर मोडले तर हाती घरच येते. बँकॉक येथे जिम थॉम्प्सन या अमेरिकन रेशीम व्यापाऱ्याने सहा जुनी सागवानी घरे अशीच आणून जोडली व १९५९ मध्ये तेथे आपले निवासस्थान केले. त्यांपैकी काही आयुथ्थया भागातून आलेली होती. काही भिंती तर त्याने आतली बाजू बाहेर अशा उलट्या बसविल्या. फलकांची रचना असल्यामुळेच हे साधले. आज ते घर संग्रहालय आहे.

मग असे घर आज शेतकऱ्याच्या आवाक्यात का राहिले नाही? कारण पहिली तीनही कलमे एकदम महागली. सागाचा मोठा व्यापार एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन'ने ब्रह्मदेशात आणि पुढे उत्तर सयाममध्येही सागाचा धंदा केला. तेव्हा आपला पश्चिम किनारा या कथेत अगदीच परका नाही. पुढे १९४१ च्या वनकायद्याने साग हा राखीव वृक्ष ठरून स्वतःच्या आवारातील सागही परवान्यावाचून तोडता येईना; ही अट २०१९ मध्ये खासगी मालकीच्या जमिनीपुरती उठली. १९६१ मध्ये त्या देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर जंगल होते. १९८८ पर्यंत ते तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात दक्षिणेत पूर आला, उघड्या डोंगरांवरून दरडी व ओंडके गावांवर कोसळले, आणि जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक जंगलातील तोड बंद केली. शेजारच्या ब्रह्मदेशानेही एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबविली. इकडे तरुण मंडळी शहरात मजुरीला गेली. इर्जिकीला माणसे उरली नाहीत.

परिणामी आता खाली सिमेंटचे खांब व वर लाकूड, किंवा खालचा गाळाही विटांनी बंदिस्त, अशी घरे सर्रास दिसतात. खर्चात बचत दिसते खरी. पण २०११ च्या महापुरात आयुथ्थयाचा परिसर आठवडेच्या आठवडे पाण्यात राहिला, तेव्हा पाणी आधी या बंदिस्त गाळ्यांतच शिरणार हे उघड आहे. जुन्या माणसांनी खांबांवर केलेला खर्च हा पुराचा विमाच होता, आणि त्याचा हप्ता त्यांनी एकदाच भरला होता.

हे सारे आपल्याला सांगण्याचे प्रयोजन काय? बेळगाव, इंदूर, बडोदे येथील जुन्या पेठांत अजून सागवानी वाडे उभे आहेत. वाटणी झाली किंवा वारसांना राहण्यास नको झाले, की वाडा ठेकेदाराला उक्ता देण्याकडे कल असतो. धान्याची रास न मोजता आपण कधी विकली आहे काय? मग तुळया न मोजता का विकाव्या? रीत सोपी आहे. तुळईची लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घ्यावी, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागावे, घनफूट निघतात. बारा फूट लांब, आठ इंच रुंद व सहा इंच जाड तुळईत चार घनफूट भरतात. अशा वीस तुळया म्हणजे ८० घनफूट. भिंतीत कुजलेली टोके व खिळ्यांची भोके यांची तूट वजा करावी, आणि स्थानिक वखारीतील जुन्या सागाच्या भावाने गुणावे. मगच ठेकेदाराशी बोलावे. पुष्कळदा असे आढळेल की, वाडा मोडण्यापेक्षा छप्पर शाकारून व चार खांबांचे पाय बदलून तो राखणेच पडतळीत बसते.

सयामी शेतकऱ्याने रोख थोडी व लाकूड-माणुसकी पुष्कळ घालून घर बांधले, आणि ते मोडतानाही ऐवज हाती राहील अशी तजवीज केली. नवे घर बांधताना आपणही वहीत दोन रकाने आखावेत : एकात घर उभे करण्यास काय लागेल ते, आणि दुसऱ्यात पन्नास वर्षांनी मोडताना काय उरेल ते. दुसरा रकाना कोरा राहत असेल, तर पहिल्यातील रक्कम कितीही अल्प दिसो, सौदा महाग आहे असेच समजावे.