चारचौघांतील हट्ट

मुलाने घरात हट्ट केला, तर तो मूल आणि आईवडील यांच्यातला प्रश्न असतो. तोच हट्ट एस.टी. स्थानकावर, लग्नमंडपात किंवा विहारात वंदना चालू असताना झाला की त्यात तिसरा घटक शिरतो : पाहणारे लोक. मूल जमिनीवर लोळण घेते आणि आईवडील मुलाकडे पाहण्याऐवजी आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे पाहू लागतात. मग एक तर खाऊचा पुडा मुलाच्या हातात पडतो, नाही तर पाठीत धपाटा. हे दोन उपाय परस्परविरुद्ध दिसतात. परंतु दोहोंचा हेतू एकच, लोकांसमोरची लाज लवकरात लवकर झाकणे. मुलाचे हित दोन्हींत नसते. मूल मात्र यातून एक गोष्ट अचूक शिकते : आईवडील लोकांना भितात.

येथे मानसशास्त्रातील एक सिद्ध गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून असे दिसून आले, की ज्या वर्तनाला दर वेळी नव्हे तर अधूनमधून, अनियमितपणे फळ मिळते, ते वर्तन सर्वांत चिवट बनते. नऊ वेळा नकार देऊन दहाव्या वेळी ‘घे बाबा एकदाचे’ म्हणणारा पालक स्वतःला कठोर समजतो. वस्तुतः त्याने मुलाला दहा वेळा रडण्याची चिकाटी शिकवलेली असते. शिवाय, फळ मिळणे बंद झाले की हट्ट लगेच ओसरत नाही. आरंभी तो वाढतो. पुष्कळ पालक नेमके याच टप्प्यावर हार मानतात.

प्रत्येक रडणारे मूल लाडावलेले असते, असे मात्र नव्हे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आपला क्षोभ शब्दांत मांडता येत नाही. दीक्षाभूमीवर किंवा चैत्यभूमीच्या रांगेत तासन् तास कडेवर राहिलेले बाळ आकांत करते, तेव्हा ते भुकेले, पेंगुळलेले किंवा गर्दीने भ्यालेले असते. त्याला पाणी, सावली आणि शांत कोपरा हवा, शिस्त नको. लाडावलेपणाची खरी खूण वेगळी आहे. नऊ-दहा वर्षांचा मुलगा भोजनाच्या पंक्तीत वाढप्याला ‘ए’ म्हणून हाक मारतो, नको असलेले ताट ढकलून देतो, झाडून काढलेल्या जागेवर झाडणाऱ्या मावशींच्या देखत साली टाकतो, आणि घरची माणसे कौतुकाने हसतात. ज्या घरातील पणजोबांना गावात कोणी ‘अरे-तुरे’वाचून हाक मारली नाही, त्या घरात हे हसू उमटावे, याहून खेदाची गोष्ट कोणती?

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. ‘आम्हांला जे मिळाले नाही, ते आमच्या लेकरांना मिळावे’ ही भावना आपल्या समाजात घरोघरी आहे आणि ती निर्मळ आहे. परंतु तिच्या पोटी एक गोंधळ शिरतो. नकार म्हणजे पुन्हा तीच वंचना, असे पालकांना वाटू लागते. सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत मुलांना पापापासून परावृत्त करणे हे पहिले आहे, आणि योग्य वेळी संपत्ती सोपवणे हे शेवटचे. आपण बऱ्याचदा हा क्रम उलटा लावतो. त्याच सुत्तात सेवकांना शक्तीप्रमाणे काम द्यावे, आजारपणात त्यांची शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ त्यांच्यासह वाटून खावा, असेही सांगितले आहे. वाढप्याशी कसे बोलावे हा प्रश्न म्हणजे केवळ शिष्टाचाराचा भाग नव्हे. तो धम्माचा भाग आहे.

मग कठोर व्हावे काय? अभयराजकुमार सुत्तात तथागत अभय राजपुत्राला विचारतात, मांडीवरच्या या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? तो उत्तर देतो, की रक्त आले तरी मी बोट घालून तो काढीन, कारण मला बाळाची अनुकंपा आहे. या उत्तराचा आधार घेऊन कोणी हात उगारण्याचे समर्थन करू नये. राजपुत्राचे बोट खड्याकडे वळलेले आहे, बाळाकडे नव्हे. शाळेत तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मनाईच आहे.

करावयाचे ते साधे आहे, पण त्याला धीर लागतो. मुलाला गर्दीतून बाजूला न्यावे. आपण खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे आणि एकच वाक्य हळू आवाजात सांगावे : ‘हे आज घ्यायचे नाही.’ व्याख्यान देऊ नये, धमकी देऊ नये, ‘लोक काय म्हणतील’ तर मुळीच म्हणू नये. मग मूल शांत होईपर्यंत जवळ थांबावे. बस चुकली तरी चालेल. त्याने कोणाचा अपमान केला असेल, तर शांत झाल्यावर त्याला त्या माणसाकडे परत न्यावे. क्षमा त्याने मागावी, पालकांनी त्याच्या वतीने नव्हे.

उरलेले बोलणे घरी, एकांतात. अंबलट्ठिका येथे तथागतांनी राहुलाला असत्य भाषणाविषयी सांगितले, तेव्हा अट्ठकथेनुसार तो सात वर्षांचा होता. सुत्तात त्या वेळी तिसऱ्या कोणाचा उल्लेख नाही. पाय धुऊन भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवीत त्यांनी समजावले. पुढे आरशाची उपमा देऊन कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहण्यास सांगितले. बाजाराला निघण्यापूर्वी ‘आज काय घ्यायचे आणि काय नाही’ हे घरीच ठरवणे, तेथे त्याची आठवण देणे आणि रात्री ‘कसे झाले?’ असे विचारणे, हीच ती तीन पावले. ठरल्याप्रमाणे वागलेल्या मुलाला तसे सांगण्यास विसरू नये. हट्टाची दखल सारे घर घेते, शहाणपणाची सहसा कोणी घेत नाही.

निवासी शाळेत पालकभेटीचा दिवस हा या सर्वाचा कसोटीचा दिवस असतो. आजी पिशवीभर खाऊ घेऊन येते आणि नातवाने शेजारच्या मुलाला लाडू नाकारला तरी म्हणते, ‘असू द्या गुरुजी, लेकरू घरापासून दूर राहतं.’ तिला तेथेच टोकले तर ती दुखावते आणि नातू विजयी मुद्रेने पाहतो. म्हणून शिक्षकांनी मुले खेळायला गेल्यावर आजींना चहा द्यावा, पंक्तीत खाऊ वाटून खाण्याचा वसतिगृहाचा नियम समजावून सांगावा आणि पुढच्या खेपेस पिशवीतला पहिला लाडू वाटण्याचे काम नातवाच्या हातून आजींनीच करवून घ्यावे, अशी त्यांना विनंती करावी.