होडीवर जीपीएस बसवताय? विहिरीवरची अर्थिंग इथं चालत नाही

पैठण : नाथसागर म्हणजे साधं तळं नाही. सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि रुंद ठिकाणी २७ किलोमीटरपर्यंत पसरलेलं पाणी. हिवाळ्यात पहाटे धुकं उतरलं किंवा वळवाचं वारं सुटलं की कडेची झाडं दिसेनाशी होतात आणि काठ कुठल्या दिशेला हे जुन्या माणसालाही सांगता येत नाही. म्हणून काही जण होडीवर जीपीएस आणि पाण्याची खोली दाखवणारा फिश फाइंडर बसवायचा विचार करतात. ही यंत्रं आता ऑनलाइन घरपोच मिळतात. पण ती बसवून द्यायला गावातला मोटार वायंडिंगवाला किंवा ट्रॅक्टरचा वायरमनच येतो, आणि खरी गडबड तिथं होते. विहिरीची पद्धत वेगळी, ट्रॅक्टरची वेगळी आणि होडीची तिसरीच.

होडीत अर्थिंग म्हणजे काय?

विहिरीवर आपण खड्डा घेतो, मीठ-कोळसा टाकतो, पाईप नाहीतर प्लेट पुरतो. मोटारीच्या बॉडीत करंट उतरला तर तो माणसातून न जाता त्या वायरीतून जावा, एवढ्यासाठी. तिथं २३० किंवा ४१५ व्होल्टचा मामला असतो.

होडीवरचा जीपीएस १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट मायनसमध्ये परत आला की काम झालं. त्याला जमीन लागत नाही. त्यामुळे वायर पाण्यात सोडणं किंवा लोखंडी गज बुडवून 'अर्थिंग' देणं याचा उपयोग शून्य, उलट गंज वाढतो. होडीत ग्राउंड म्हणजे सगळ्या यंत्रांचे मायनस एका जागी जोडणं. घरच्या बोर्डात न्यूट्रल लिंकची पितळी पट्टी असते, तशीच एक पट्टी बसवायची. सगळे मायनस तिथं आणायचे आणि तिथून एक जाड वायर बॅटरीला न्यायची. काही यंत्रांना एक उघडी बारीक तार जास्तीची असते. ती कापून टाकू नका. यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तशी ती त्याच पट्टीला जोडा.

ट्रॅक्टरला आपण दिव्याला एकच वायर ओढतो, मायनसचं काम चेसिस करते. पत्र्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या होडीत हे करू नका. होडीच्या अंगातून करंट फिरला तर पाण्याखालचा पत्रा खाल्ला जातो आणि बारीक छिद्रं पडतात. प्रत्येक यंत्राला प्लस आणि मायनस अशा दोन्ही वायरी स्वतंत्र ओढा.

वायरिंग असं करा

बॅटरी : इंजिन सेल्फस्टार्ट असेल तर त्याच बॅटरीवर जीपीएस लावू नका. सेल्फ मारला की व्होल्टेज खाली येतं, यंत्र बंद पडून पुन्हा चालू होतं. फवारणी पंपात येते तशी १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी ठेवली तरी भागतं. यंत्र एक अँपिअर घेत असेल तर ८ अँपिअर-अवरची चांगली बॅटरी चार-पाच तास धरा. पूर्ण उतरेपर्यंत वापरू नका.

फ्यूज : प्लसच्या वायरीत, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. किती अँपिअरचा ते पुस्तिकेत असतं. फ्यूज उडाला म्हणून तिथं तार गुंडाळू नका. होडीला आग लागली तर पळायला बांध नसतो.

वायर : पातळ वायर लांब ओढली की व्होल्टेज पडतं. डीपीपासून लांबच्या विहिरीवर मोटार जोर धरत नाही, तसंच हे. यंत्र चालू ठेवून यंत्राच्या टोकाला मल्टीमीटर लावा. बॅटरीवर १२.५ आणि यंत्राजवळ ११ दिसत असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे.

जोड : नुसती पीळ देऊन चिकटपट्टी लावलेला जोड ओलाव्यात फार टिकत नाही. लग दाबून बसवा, वर हीटश्रिंक स्लीव्ह चढवा.

जागा : जीपीएसला मोकळं आकाश लागतं, पत्र्याच्या छताखाली तो सिग्नल धरत नाही. फिश फाइंडरचा पाण्यातला सेन्सर मागच्या फळीला, पंख्यापासून लांब आणि बुडबुडे येणार नाहीत असा लावा. त्याची केबल इंजिनाच्या वायरींसोबत बांधू नका. इंजिन चालू केल्यावरच स्क्रीनवर रेघोट्या येत असतील तर यंत्र परत पाठवण्याआधी केबल वेगळी करून बघा.

कोकणातलं गोड्या पाण्यात जसंच्या तसं नको

पालघरला ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींसाठी ट्रान्सपाँडरची योजना सुरू झाली. एक लाख बोटींवर उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश देणारं यंत्र बसवायचं असं तिचं स्वरूप. ती समुद्रातल्या बोटींसाठी आहे. समुद्रातल्या बोटीचे व्हिडिओ बघून वायरिंग करणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, गोडं पाणी तेवढी नेत नाही. गंज रोखायला इंजिनाला लावतात तो जस्ताचा तुकडा समुद्रात चालतो, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा लावतात.

याच फरकामुळे गोड्या पाण्यात २३० व्होल्ट जास्त घातक ठरतं. माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा चांगलं वाहक आहे, म्हणून पाण्यात उतरलेला करंट पोहणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो. हातपाय आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. नाथसागराच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत, केबली पाण्यातून गेलेल्या आहेत. तिथं होडी बांधू नका. पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं तर आलात त्या दिशेला मागं फिरा. कोणी आखडलेला दिसला तर आधी मेन स्विच पाडा, उडी नंतर. बॅटरी होडीवर चार्ज करायला काठावरून वायर ओढू नका, बॅटरी घरी न्या. मोटारवाल्यांनीही अर्थिंग आणि ईएलसीबी दोन्ही ठेवावं.

विजेचंही तसंच. जीपीएसच्या ग्राउंडनं आकाशातली वीज अडत नाही. पहिला गडगडाट ऐकला की काठ गाठा. 'दामिनी' अ‍ॅप मोबाईलमध्ये असू द्या.

जीपीएस बुंधे दाखवत नाही

पाण्याखाली जुनी झाडं, विहिरी, पडक्या भिंती आहेत. त्या जीपीएसच्या नकाशात नसतात, त्यांच्या खुणा आपणच यंत्रात टाकायच्या. खूण टाकताना त्या दिवशीची धरणाची पातळीही वहीत लिहा. धरण भरलं की पातळी १५२२ फूट असते. त्या दिवशी एखाद्या बुंध्यावर १२ फूट पाणी होतं, तर पातळी १५१२ वर आली की तिथं फक्त दोन फूट उरतं. शिवाय खूण चार-पाच मीटर इकडेतिकडे असू शकते, म्हणून लांबूनच वळा.

नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. इंजिनाची होडी घालण्याआधी वनविभाग आणि जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करा.

निघण्याआधी बघा

- बॅटरी फुल, घट्ट बांधलेली, प्लसवर टोपी
- जादा फ्यूज आणि टॉर्च सोबत
- मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये
- लाइफ जॅकेट अंगात, पायाखाली नाही
- कुठं चाललो आणि कधी येणार, घरी सांगितलेलं

यंत्र कधीही बंद पडू शकतं, त्यामुळे वल्हं काठावर ठेवून जाऊ नका.