कानांनी वाचणारा सहकारी आणि स्क्रिप्टचा निर्णय

काशी हे श्रवणाने विद्या टिकवणारे नगर आहे. तेथील वेदपाठशाळांत, तसेच दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य केलेल्या मराठी वैदिक घराण्यांत, विद्यार्थी आधी संहिता कंठस्थ करतो आणि मग पदपाठ शिकतो. संहितेत संधीने जोडलेले शब्द पदपाठात सुटे होतात आणि कोणते पद कोठे संपते हे कानाला स्पष्ट कळते. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर ऐकून काम करणाऱ्या दृष्टिहीन कर्मचाऱ्याचीही नेमकी हीच गरज असते. नुसता आवाज त्याला पुरत नाही. कोणती रक्कम कोणत्या रकान्यातील आहे, हे त्याला सुटे सुटे कळावे लागते.

वाराणसीतील गोदौलियासारख्या गजबजलेल्या भागातील एखादी शाखा डोळ्यांसमोर आणावी. नोव्हेंबर महिना आहे आणि हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रांग लागली आहे. काउंटरवर नव्याने रुजू झालेला दृष्टिहीन लिपिक आहे. कीबोर्डवर त्याचा हात सफाईने चालतो; पण निवृत्तिवेतनाची खिडकी उघडताच कानातील यंत्र केवळ ‘एडिट, एडिट, बटण’ एवढेच उच्चारते. पीपीओ क्रमांकाचा रकाना कोणता, जन्मतारखेचा कोणता आणि ‘जतन करा’ हे बटण कोणते, हे त्याला कळत नाही. शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारावी लागते आणि काही दिवसांत ते काम त्याच्याकडून काढून घेतले जाते.

खुर्ची आणि काम

1995 च्या कायद्याने अपंग व्यक्तींसाठी शासकीय नोकऱ्यांत 3 टक्के आरक्षण ठेवले. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते 4 टक्के झाले आणि त्यातील 1 टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. कायद्याने खुर्ची मिळते. त्या खुर्चीवर बसून पूर्ण वेतनाचे पूर्ण काम करता येईल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी समोरच्या सॉफ्टवेअरवर ठरते.

स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहत नाही. प्रत्येक रकान्याचे नाव, प्रकार आणि स्थिती सॉफ्टवेअरने विंडोजला कळवायची असते. स्क्रीन रीडर ती माहिती घेऊन बोलतो. सॉफ्टवेअरने नावच दिले नसेल, तर बोलणारा तरी काय बोलणार? अशा वेळी ‘स्क्रिप्ट’ उपयोगी पडते. जॉज या स्क्रीन रीडरची विंडोज आवृत्ती 1995 मध्ये आली. त्यात स्क्रिप्ट लिहिण्याची स्वतंत्र भाषाच आहे. ऑस्ट्रेलियात 2006 मध्ये सुरू झालेल्या आणि विनामूल्य मिळणाऱ्या एनव्हीडीएमध्ये हेच काम पायथन भाषेत करता येते. प्रोग्रॅमच्या नावाची स्क्रिप्ट तयार केली, की तो प्रोग्रॅम उघडताच ती आपोआप कार्यरत होते आणि अमुक रकाना आला की काय बोलावे, हे स्क्रीन रीडरला सांगते.

चार प्रश्न

सोय आहे म्हणून लगेच स्क्रिप्ट लिहावयास बसणे मात्र शहाणपणाचे नव्हे. त्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

पहिला प्रश्न: साध्या मांडणीतून काम भागते का? जॉजमध्ये अनामिक बटणाला स्वतःच नाव देण्याची सोय आहे. रोमन लिपीतील हिंदी नावांचा विचित्र उच्चार होत असेल, तर उच्चारकोशात नोंद केली की पुरते. कित्येकदा अडचण एखादा शॉर्टकट ठाऊक नसण्याची असते. तेथे प्रशिक्षण हाच उपाय होय.

दुसरा प्रश्न: मूळ सॉफ्टवेअर सुधारता येईल का? रकान्याला नाव देणे हे तयार करणाऱ्यासाठी सहसा किरकोळ काम असते आणि त्याचा लाभ सर्व शाखांना होतो. ग्राहकांच्या नेट बँकिंगबाबत तर दुसरा मार्गच नाही, कारण प्रत्येक ग्राहकाच्या घरी स्क्रिप्ट पोहोचविणे अशक्य आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी स्पष्ट केले आहे.

तिसरा प्रश्न: हे काम किती वेळा करावे लागते? वर्षातून एकदा लागणाऱ्या अहवालासाठी वीस वेळा टॅब दाबणे चालेल. दिवसातून पन्नास ग्राहकांसाठी तसे करावे लागत असेल, तर ती स्क्रिप्ट हवीच.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: तिची देखभाल कोण करणार? सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि रकाने जागचे हलले, तर पडद्यावरील जागेच्या आधारे लिहिलेली स्क्रिप्ट शिल्लक रकमेच्या जागी गोठविलेली रक्कम वाचू शकते. मुका रकाना कर्मचाऱ्याला थांबवतो. चुकीचे बोलणारा रकाना ग्राहकाचे नुकसान करतो. म्हणून जबाबदार व्यक्ती नेमल्याशिवाय आणि प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर चाचणी घेतल्याशिवाय स्क्रिप्ट वापरात आणू नये.

याशिवाय एक मर्यादा ध्यानात ठेवावी. दूरच्या सर्व्हरवरून पडदा केवळ चित्ररूपाने येत असेल, तर स्थानिक संगणकावरील स्क्रिप्टला हाती धरण्यासारखे काहीच नसते. तेथे स्क्रीन रीडरची सोय सर्व्हरच्या बाजूने करावी लागते.

निर्णय कोणाचा?

हे प्रश्न कागदावर सोडवावयाचे नाहीत. माहिती तंत्रज्ञान विभागातील अधिकाऱ्याने त्या लिपिकाशेजारी बसून त्याच्या दिवसभराच्या कामाची यादी करावी, ती कामे चाचणी प्रणालीत त्याच्याकडूनच करून घ्यावीत आणि तो कोठे अडतो याची नोंद ठेवावी. सुरक्षेची रीतसर मंजुरी घ्यावी. रक्कम, नाव आणि खाते क्रमांक अचूक वाचले जातात, असे तो स्वतः म्हणेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नये.

एटीएमचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये नव्या एटीएमपैकी किमान एकतृतीयांश बोलकी व ब्रेल कळफलकाची असावीत असे सांगितले. जून 2012 मध्ये युनियन बँक ऑफ इंडियाने अहमदाबादेत देशातील पहिले बोलके एटीएम सुरू केले, आणि 1 जुलै 2014 पासून बसविले जाणारे प्रत्येक नवे एटीएम तसेच असावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आला. ग्राहकाला वेगळे साधन आणण्यास न सांगता मूळ यंत्रालाच बोलते केले गेले.

शाखेतील सॉफ्टवेअरबाबतही ध्येय तेच असावे. तोवर रांगेतील निवृत्तिवेतनधारक उद्यावर जाऊ नये आणि काउंटरवरील लिपिकाला शेजाऱ्यास हाक मारावी लागू नये, यासाठी विचारपूर्वक लिहिलेली स्क्रिप्ट अवश्य वापरावी. सॉफ्टवेअरच्या पुढील आवृत्तीने सारे रकाने स्वतःहून सांगितले आणि ती स्क्रिप्ट काढून टाकता आली, तर तिचे काम उत्तम झाले असे म्हणावे.